कोटरा प्रकाशन, भोपाळ

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकही वाक्य आधाराशिवाय उच्चारलेलं नाही, आणि हे मी त्यांची मेहुणी म्हणून कौतुकानं सांगत नाहीये. चाळीस वर्षं त्या आधारांखाली चेंगरलेली बाई म्हणून सांगतेय. बाकीची माणसं म्हणतात, ‘आज फार उकडतंय.’ भाऊजी म्हणतात, ‘आज उकडेल असं आमच्या दूधवाल्यानं सकाळी सव्वासहाला फाटकापाशी सांगितलं होतं, आणि अकराच्या सुमारास मला स्वतःलाही तसं वाटलं.’ तोवर ऐकणाऱ्याचा घाम वाळून गेलेला असतो. न्यू मार्केटहून घरी येताना रिक्षावाला म्हणाला, ‘अंकल, इधर से शॉर्टकट है,’ की भाऊजी पुढे वाकून विचारणार, ‘आपको किसने बताया?’ ‘किसी ने नहीं, हमको पता है.’ ‘ठीक है, मगर कब से पता है?’ एकदा एका रिक्षावाल्यानं भर चौकात रिक्षा उभी केली, मागे वळला आणि अस्सल भोपाळी थाटात म्हणाला, ‘को खाँ, बैठना है कि बयान लेना है?’ भाऊजी शांतपणे म्हणाले, ‘दोनों.’ झालं! आम्हाला उतरावं लागलं आणि उरलेली वाट आम्ही भाजीच्या पिशव्या सांभाळत चालत आलो. माझी ताई सबंध रस्ताभर हसत होती. ‘तुला एक दिवस त्रास झाला,’ मला म्हणाली, ‘मी हे रोज जेवणाबरोबर घेते.’

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नागपूरहून लग्न होऊन भोपाळला आली ती भाऊजींच्या घरात, कोटरा सुल्तानाबादला. भाऊजींचे वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूर सोडून इकडे आलेले, त्यामुळे भाऊजी जन्मानं भोपाळी, पण घरात बोलणं सगळं मराठी. पुढे माझ्या नवऱ्याला इथल्याच कारखान्यात नोकरी लागली आणि मीही आले. आता आम्ही मिसरोदला राहतो. भाऊजी एका सरकारी संशोधन संस्थेत ग्रंथपाल होते. सुटीच्या दिवशी घरी बसून ते प्रकाशकांचं एक काम करायचे आणि निवृत्तीनंतर तर दिवसभर तेच करायला लागले. ते काम नेमकं काय, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. अभ्यासाच्या पुस्तकांच्या शेवटी बारीक अक्षरात एक यादी असते, जी मी कधी वाचलेली नाही आणि तुम्हीही वाचली नसणार, उगीच मान हलवू नका. लेखकानं कुठली कुठली पुस्तकं वापरली, त्यांची ती यादी. लेखक मंडळी ती मनाला येईल तशी लिहून देतात. भाऊजी त्यातली एकेक नोंद एका सॉफ्टवेअरमध्ये नीट बसवतात. लेखक एका खान्यात, पुस्तकाचं नाव दुसऱ्या खान्यात, मग प्रकाशक, गाव, साल, पानं. सगळं बसलं की एक कळ दाबायची. त्यातून एक फाईल बाहेर पडते. ती तुम्हाआम्हाला वाचता येत नाही, यंत्रांना येते. तिला मेटाडेटा म्हणतात. प्रकाशक ती पुढे पाठवतो, आणि मग जगाच्या पाठीवर कुठेही बसून कुणी त्या नोंदीवर बोट ठेवलं की मूळ पुस्तकाचा पत्ता समोर येतो.

‘म्हणजे डब्यांवरच्या चिठ्ठ्या,’ मी एकदा कंटाळून म्हटलं. भाऊजी इतके खूश झाले की स्वतः उठून माझ्यासाठी चहा टाकला. ‘अगदी बरोबर, कुंदा! फक्त ही चिठ्ठी आपल्या एका डब्यावर लावली की सगळ्यांच्या स्वयंपाकघरात लागते. म्हणून हळदीवर तिखट लिहून चालत नाही.’ हे वाक्य त्यांनी पुढे कितीतरी जणांना ऐकवलं आणि दर वेळी शेवटी ‘असं आमच्या मेहुणीनं मिसरोदला म्हटलं होतं’ हेही जोडलं. मी त्यातलं अर्धंच म्हटलं होतं आणि तेसुद्धा कोटऱ्यात. त्यांना मी तसं सांगितल्यावर त्यांनी त्या सगळ्यांना पुन्हा फोन करून दुरुस्ती कळवली.

यंत्रावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका लेखकानं आपल्या यादीत कुठल्याशा नर्मदाकाठ बागायतदार मंडळाचा अहवाल दिला होता. सॉफ्टवेअरला वाटलं हा कुणी माणूस आहे. त्यानं ‘मंडळ’ हे आडनाव केलं आणि बाकीचं सगळं नाव. छापून काय आलं? ‘मंडळ, न. बा.’ ही नोंद भाऊजींच्या हातची नव्हती, ती दुसऱ्याच कुणी केली होती, पण ती पसरली. वर्षभरात एका विद्वानानं आपल्या ग्रंथात बेधडक लिहिलं की, ‘न. बा. मंडळ यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर ध्यास घेतला होता.’ भाऊजींनी त्यांना चार पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. ताईनं ते प्रकरण इतकं मनावर घेतलं की तेव्हापासून ती रागावली म्हणजे स्वयंपाकघरातून हाक यायची, ‘ऐका हो मंडळ, पानं घेतली आहेत!’

आणि त्यांचा तो नियम! पुस्तकाचं पहिलं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय भाऊजी नोंद करत नाहीत. दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेणं म्हणजे त्यांच्या मते चोरून आणलेलं दही. एकदा असंच एक पुस्तक कुठेच मिळेना. शेवटी कळलं की चार इमलीत राहणाऱ्या एका निवृत्त बड्या अधिकाऱ्याकडे त्याची प्रत आहे. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर गेले, दार उघडल्यावर नमस्कार केला आणि आपल्या त्या गंभीर आवाजात म्हणाले, ‘आपके पास एक किताब है, उसकी जाँच करनी है.’ साहेबांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि जुन्या कचेरीचे शिक्के असलेली पाच जाडजूड पुस्तकं घेऊन बाहेर आले. ‘ये सब मैं लौटाने ही वाला था.’ भाऊजींना हवं होतं ते सहावं. ते त्यांनी बघितलं, पहिल्या पानाचा आणि त्याच्या पाठचा फोटो घेतला, चहाला नको म्हणाले. पण हाडाचा ग्रंथपाल तो! समोर आलेली पाच पुस्तकं तिथे कशी सोडवतील? ती स्कूटरला बांधून त्यांनी त्या कचेरीत जमा केली, पोच घेतली आणि पोच परत चार इमलीला नेऊन दिली. पुढे ते साहेब दर दिवाळीला भाऊजींना मिठाई पाठवायला लागले, आणि मिठाई कशाबद्दल हे भाऊजींना अजूनही समजलेलं नाही.

असा हा माणूस खोटं कसं बोलणार? त्याला जमतच नाही. आणि तरीही त्याच्या हातून एक खोटी नोंद झाली, ती मी बघितलेली आहे, कारण मी तिथे मेथी निवडत बसले होते. पंधरा वर्षं झाली असतील. ते सॉफ्टवेअर नुकतंच घरच्या कॉम्प्युटरवर आलं होतं. फाईल नीट निघते की नाही हे बघायला एखादी नमुन्याची नोंद घालून बघा, अशी सूचना पडद्यावर आलेली. भाऊजी दहा मिनिटं नुसते बसून. ‘लेखक कोण लिहू?’ ते पडद्यालाच विचारत होते. ताई माझ्यासमोर मेथीच्या ढिगाला बसली होती. म्हणाली, ‘माझं नाव घाला.’

‘तू कुठे लेखिका आहेस?’

‘तुमचं यंत्र मला ओळखतं का? घाला म्हणते ना! आणि माहेरचं आडनावही घाला, लेखिका दोन्ही लावतात.’

भाऊजींनी घातलं. ‘पुस्तकाचं नाव?’ ताईनं एका क्षणाचाही विचार केला नाही. ‘मध्य भारतातील मराठी घरांचा स्वयंपाक: स्थलांतर आणि सवयी.’ मी मेथी खाली टाकून हसायला लागले. भाऊजी टंकतच होते. ‘प्रकाशक?’ ‘कोटरा प्रकाशन, भोपाळ.’ ‘पानं?’ ‘दोनशे बारा. त्याहून जास्त कोण वाचतंय?’ विषयाच्या खान्यात भाऊजींनी स्वतःच्या बुद्धीनं ‘स्थलांतर’ लिहिलं. कळ दाबली. फाईल सुरेख निघाली, कुठेही अडली नाही. ताई पदराला हात पुसत उठली, पडद्यावरचं आपलं नाव वाकून वाचलं, म्हणाली, ‘बरं दिसतंय की हो,’ आणि फोडणी द्यायला आत गेली. ती नोंद लगेच पुसून टाकायची होती. ती पुसली गेली नाही.

चार वर्षांपूर्वी ताई गेली. पंधरा दिवसांचं आजारपण, बस. भाऊजींनी तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर उघडला. लोक नाकं मुरडत होते, पण त्या माणसाला दुसरं काय येत होतं? पुण्याच्या एका प्रकाशकाची मोठी सूची त्यांच्याकडे होती, महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी लोकांवरच्या पुस्तकांची. ती वेळेवर गेली. नंतरही कामं येत राहिली आणि जात राहिली. बोलणं मात्र इतकं कमी झालं की मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायची. ‘भाऊजी, आज म्हणे ग्रहण आहे.’ ते नुसते ‘असेल’ म्हणायचे. भाऊजी आणि ‘असेल’!

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच. ‘कुंदा, तुझ्या ताईनं पुस्तक लिहिलं होतं का?’

माझ्या हातात लाटणं होतं, ते तसंच राहिलं. ‘कुठलं पुस्तक?’ एका तरुण संशोधकाचा ग्रंथ तपासायला आला होता आणि त्याच्या यादीत ताईचं नाव होतं, दोन्ही आडनावांसकट. ‘दोनशे बारा पानांचं आहे. प्रकाशक आपल्या कोटऱ्यातला, आणि मला माहीत नाही! तू लगेच ये.’ आता तुम्ही म्हणाल, तू तर तेव्हा मेथी निवडत होतीस, तुला आठवलं कसं नाही? नाही आठवलं, आणि हजारो नोंदी केलेल्या भाऊजींनाही नाही. खरं सांगायचं तर मला आठवायचंच नव्हतं. दोन बस बदलून मी कोटऱ्याला पोचले तर दारात भाऊजी उभे, केस विस्कटलेले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा चेहऱ्यावर रंग.

आम्ही घर उलटंपालटं केलं. कपाटं झाली, माळा झाला, ताईच्या साड्यांची पेटी झाली. पाककृतींच्या दोन वह्या निघाल्या, भावांची पत्रं निघाली, पुस्तक नाही. भाऊजी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आले. ‘कोटरा प्रकाशन’ कुठे आहे विचारल्यावर तो म्हणाला, ‘अंकल, इधर कोई प्रकाशन-व्रकाशन नहीं है, जो हूँ मैं ही हूँ.’ भाऊजींचा उत्साह तरी कमी होईना. ‘मी ऑफिसात असताना लिहिलं असणार,’ ते येरझाऱ्या घालत म्हणत होते. ‘एकटीनं! दोनशे बारा पानं म्हणजे दोन वर्षं तरी लागली असतील. आणि मला एक पान दाखवलं नाही. मी काय हसलो असतो?’ मग थांबून म्हणाले, ‘हसलो असतो बहुतेक. पहिल्या मसुद्याला आधार मागितले असते. म्हणून नसेल सांगितलं.’ त्यांना वाईटही वाटत होतं आणि अभिमानानं छाती फुगलीही होती. ‘एवढी लेखिका घरात, आणि मी तिला लोणच्याच्या बरण्या उघडून देण्यापलीकडे काही केलं नाही, कुंदा.’ हे ऐकताना मला ताईचा इतका हेवा वाटला, की मेलेल्या बहिणीचा हेवा करते म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

संध्याकाळी ते कॉम्प्युटरपुढे बसले. पुस्तक सापडेल तेव्हा सापडेल, तोवर निदान तिची नोंद तरी कच्ची करून ठेवू म्हणाले. पहिलं पान न बघता नोंद! त्यांनी ताईचं नाव टंकलं, मग पुस्तकाचं नाव, आणि सॉफ्टवेअरनं एक चौकोन पुढे केला. ही नोंद आपल्या संग्रहात आधीपासूनच आहे. खाली नोंद केल्याची पंधरा वर्षांपूर्वीची तारीख. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेव्हा मलाही मेथीचा ढीग आठवला. मग ते म्हणाले, ‘कुंदा, हे मी लिहिलंय.’

पुढचा माग त्यांनीच काढला. फाईल पाठवण्याआधी भाऊजी सगळी यादी कागदावर छापतात आणि एकेका नोंदीवर पेन्सिलीनं टिंब देतात. प्रत्येक कामाचे असे कागद त्यांनी जपून ठेवलेत. पुण्याच्या त्या सूचीचे कागद निघाले, ताईच्या तेराव्यानंतरचे. त्यांच्यावर एकही टिंब नव्हतं. ‘स्थलांतर’ हा विषय निवडून, जेवढ्या नोंदी आल्या तेवढ्या त्यांनी तशाच पाठवल्या होत्या, आणि त्यांत ताईची गेली. तिथून ती सहा जणांनी उचलली. सहा! कुणीही पुस्तक मागितलं नाही की कुठे मिळेल म्हणून विचारलं नाही. ज्या माणसानं न. बा. मंडळापायी चार पानी पत्र लिहिलं, त्यानं स्वतः जगाला एक नसलेलं पुस्तक दिलं होतं.

‘मी उद्याच पुण्याला कळवतो,’ भाऊजी म्हणाले.

आणि इथे आमचं भांडण झालं, जे चाळीस वर्षांत झालं नव्हतं. मी म्हटलं, काही कळवायचं नाही. कुणाचं काय बिघडतंय? सहा मोठ्या पुस्तकांत माझ्या ताईचं नाव छापलंय. तिनं आयुष्यभर तुमच्या पाहुण्यांना वाढलं, नागपूरचा वडाभात आणि इथले दालबाफले एका ताटात बसवले, ते कुठे लिहिलंय? कुठ्ठेच नाही. एवढं एक नाव राहिलंय, तेही तुम्ही तुमच्या हातानं पुसणार? ‘तुम्हाला प्रकाशकांत मोठेपणा मिरवायचा आहे!’ असंही मी म्हटलं. बोलू नये ते बोलले. भाऊजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘उद्या कुणी मुलगी हे पुस्तक वाचायचंच म्हणून भोपाळला येईल. कोटऱ्यात दारोदार फिरेल, मी फिरलो तशी. आज दुपारी मला काय वाटत होतं ते तू बघितलंस ना? आणि आत्ता काय वाटतंय तेही बघ.’ मी पर्स उचलली आणि निघून आले. आठ दिवस फोन केला नाही, त्यांचा आला तर घेतला नाही.

त्या आठ दिवसांत त्यांनी सहाही जणांना पत्रं पाठवली. चूक माझी आहे, पुस्तक अस्तित्वात नाही, आपण क्षमा करावी. तिघांनी उत्तर दिलं नाही. एका मुलीनं खजील होऊन कबूल केलं की तिनं सूचीतून नुसतं उतरवलं होतं. एकानं विचारलं की नसलं तरी एखादी प्रत कुठे मिळेल का. आणि एका प्राध्यापकांनी भाऊजींनाच फैलावर घेतलं. ग्रंथ आपण बारकाईनं वाचला असून तिसरं प्रकरण विशेष मोलाचं आहे, मात्र लेखिकेनं विदर्भाच्या जेवणावर अन्याय केला आहे, असं त्यांनी ठणकावून लिहिलं. ते पत्र भाऊजींनी मला फोटो काढून पाठवलं आणि माझा आठ दिवसांचा राग तिथेच संपला. नागपूरची पोरगी ती, विदर्भावर अन्याय करते! मी हसता हसता रडले, नवरा घाबरून पाणी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी वाटली डाळ करून डबा घेतला आणि कोटऱ्याला गेले.

तिथे पुण्याच्या त्या प्रकाशकाकडच्या संपादिकाबाईंचा फोन चालू होता. तरुण मुलगी, आवाजावरून गोड. तिनं आधी बरीच समजूत काढली म्हणे. ‘सर, अहो जाऊ दे ना, आम्ही गुपचूप काढून टाकतो. तुमचं नाव कशाला खराब करायचं?’ भाऊजींना गुपचूप नको होतं. ज्यांनी ती नोंद उचलली त्यांना कळायला हवं, त्यामुळे सूचीबरोबर जाहीर दुरुस्ती लागली पाहिजे, आणि चूक कुणाची ते त्यात असलं पाहिजे. ते ऐकून दुसऱ्या एका प्रकाशकानं त्यांच्याकडे काम पाठवणं बंदही केलं. ‘बरोबर केलं त्यानं,’ भाऊजी म्हणाले, ‘मीही तेच केलं असतं.’ सांगा, अशा माणसाशी कुणी किती भांडावं?

दुरुस्तीचा मसुदा त्याच दुपारी आला. भाऊजींनी छापून घेतला, पेन्सिल घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘सदर ग्रंथ व त्याच्या लेखिका, दोन्ही काल्पनिक असल्याचे आढळून आले आहे.’ पुढे ते वाचेनात. मी डाळ वाढत होते, वळून बघितलं तर ते ‘दोन्ही’खाली पेन्सिलीनं रेघ ओढत होते. मग त्यांनी फोन उचलला. भाऊजींचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

‘पुस्तक काल्पनिक आहे, मान्य. ती काल्पनिक नव्हती!’

पलीकडून ती मुलगी काहीतरी म्हणत होती, ठरलेला मजकूर असतो, सगळ्या दुरुस्त्यांना तोच जातो. ‘मग तुमचा ठरलेला मजकूर चुकीचा आहे,’ भाऊजी म्हणाले. ‘छत्तीस वर्षं मी तिच्या हातचं जेवलोय. ही तिची बहीण समोर उभी आहे. पुस्तक नव्हतं. बाई होती.’ मग त्या मुलीचा आवाज मलाही ऐकू आला, अगदी हळू झालेला. ‘सर, तुम्ही सांगा. मी लिहून घेते.’

त्यांनी सांगितलं ते तसंच्या तसं छापून आलं. ‘सदर ग्रंथ अस्तित्वात नाही. लेखिका म्हणून ज्यांचे नाव दिले गेले, त्या भोपाळ येथे राहत होत्या. त्यांनी ग्रंथ लिहिलेला नाही. चूक नोंद करणाऱ्याची आहे.’ आणि त्याखाली भाऊजींचं नाव. लोक आपापल्या माणसांसाठी काय काय बांधतात, पाट्या लावतात, फोटोला रोज हार घालतात. आमच्या भाऊजींनी आपली इभ्रत पणाला लावून चार वाक्यं छापून घेतली, आणि त्यातलं एकही खोटं नाही. मला त्या माणसाचा केवढा अभिमान वाटतो, हे त्यांना सांगायची सोय नाही. ते लगेच विचारतील, कशावरून?

आता कॉम्प्युटरवर ताईचं नाव शोधलं तर पुस्तक येत नाही, एवढी चार वाक्यं येतात. दुपारी मिसरोदच्या घरात कुणी नसलं की मी तिचं नाव टाकते, आणि दुसरं वाक्य वाचते, ‘...त्या भोपाळ येथे राहत होत्या.’